जुने फिरते सॉमिल दुरुस्त करताना इंजिनाला शेवटी हात लावा

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा गोव्यात कितीतरी झाडे उन्मळून पडली. सत्तरी तालुक्यातल्या आमच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, दोन फणस आणि एक आंबा आडवा झाला. साठ सेंटिमीटर जाडीचा, तीन मीटर लांबीचा फणसाचा ओला ओंडका पाऊण टनाच्या आसपास भरतो. तो वर रस्त्यापर्यंत न्यायचा म्हणजे पोफळीच्या रांगा आणि पाटाचे बांध मोडायचे. शेवटी एक फणस तुकडे करून सरपणाला गेला. ज्याचे दरवाजे झाले असते, देवाचा चौरंग झाला असता, ते पिवळेधमक लाकूड चुलीत गेले. ते मला अजून लागते.

म्हणून पुढच्या वर्षी एका बंद शेडमागे पडलेले फिरते सॉमिल, म्हणजे ओंडके चिरून फळ्या काढायचे यंत्र, मी विकत घेतले. ओंडका सॉमिलकडे नेण्याऐवजी सॉमिलच ओंडक्याकडे न्यायचे, एवढाच त्यामागचा विचार. खाली जमिनीवर लोखंडी बेड, त्यावर ओंडका. बेडच्या रुळांवरून ढकलत न्यायचा गाडा, आणि त्या गाड्यावर दोन चाकांभोवती आडवा फिरणारा करवतीचा पट्टा.

पहिल्या प्रयत्नात माझे चुकले ते क्रमात. आधी इंजिन सुरू केले, मग रंग दिला, आणि थेट फणस चढवला. एका टोकाला २८ मिमी आणि दुसऱ्या टोकाला २१ मिमी जाडीच्या फळ्या निघाल्या. चांगला ओंडका वाया गेला. यंत्र फिरू लागले म्हणजे दुरुस्त झाले असे नाही, फळी सरळ निघाली की झाले. नंतर सगळे खोलून पुन्हा केले, तोच क्रम इथे देतो.

आधी कागद

झाड तुमच्या जमिनीत असले तरी तोडण्यासाठी १९८४ च्या गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. वादळात पडलेल्या झाडाचे फोटो काढा आणि हात लावण्यापूर्वी वन खात्याला लेखी कळवा. सॉमिलचा प्रश्न वेगळा आहे. १९९६ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर देशभर विनापरवाना सॉमिलवर बंधने आली आणि २०१६ मध्ये केंद्राने लाकूड उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. आपले यंत्र छोटे आहे, चाकांवर फिरते, म्हणून सुटका होईल असे गृहीत धरू नका. विकत घेण्यापूर्वीच वन खात्याच्या कचेरीत जाऊन लेखी उत्तर घ्या. हे काम कंटाळवाणे आहे, पण यंत्र जप्त झाले तर पुढची सगळी मेहनत फुकट.

विकत घेताना काय पाहायचे

गंज बघून घाबरू नका आणि नवा रंग बघून भुलू नका. तीन गोष्टी बघा. बेडच्या मुख्य चॅनेलना, म्हणजे लांब लोखंडी तुळयांना, पीळ बसला आहे का, चाकांना तडा आहे का, आणि गाडा वर-खाली करणाऱ्या स्क्रूचे आटे शाबूत आहेत का. बाकी बेअरिंग, बेल्ट, रोलर, इंजिन यांना बाजारात पर्याय मिळतो.

बिडाच्या चाकाची परीक्षा सोपी आहे. चाक शाफ्टवरून उतरवून दोरीला टांगा आणि छोट्या हातोडीने कडेवर ठिकठिकाणी टिचकी मारा. घंटेसारखा लांबणारा आवाज आला तर बरे, ठप्प आवाज आला तर संशय धरा. मग डाय-पेनिट्रंट, म्हणजे तडा दाखवणारा रंग, लावून बघा. लाल द्रव फवारायचा, थांबायचे, पुसायचे आणि वर पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तडा गेलेले बिडाचे चाक वेल्डिंग करून वापरू नका. ते माणसाच्या छातीच्या उंचीवर मिनिटाला हजार फेरे घेत असते.

खोलणे आणि गंज

मोबाइलवर प्रत्येक जोडाचे दोन बाजूंनी फोटो काढा. नट-बोल्ट ज्या भागाचे त्या भागाच्या डब्यात ठेवा. पत्र्याच्या पातळ पट्ट्या कुठे जोडाखाली सापडल्या तर त्या टाकू नका. कारखान्यात कुणीतरी माप जुळवण्यासाठीच त्या घातलेल्या असतात. कोणती कुठली, हे त्यांच्यावरच मार्करने लिहा.

आमच्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत बोल्ट नुसते गंजत नाहीत, एकजीव होतात. गंज सोडवणारे तेल मारून दोन दिवस धीर धरा, रोज हातोडीने हलके ठोका आणि मग पाना लावा. तरी सुटला नाही तर नट गॅसने तापवा, पण डिझेल टाकी आणि नळ्या त्याआधी उतरवलेल्या हव्यात.

लहान भागांसाठी मला सगळ्यांत आवडलेली रीत विजेची. प्लास्टिकच्या पिंपात पाणी आणि धुण्याचा सोडा घाला. गंजलेला भाग १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरच्या निगेटिव्हला, आणि लोखंडी भंगाराचा तुकडा पॉझिटिव्हला जोडून दोन्ही एकमेकांना न टेकवता बुडवा. रात्रभरात गंज काळ्या चिखलासारखा सुटतो आणि घासला की निघून जातो. यात हायड्रोजन तयार होतो, म्हणून हे उघड्यावरच करा आणि जवळ विडी-काडी नको. पॉझिटिव्हला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरते. स्प्रिंगही या पिंपात घालू नका, ती ठिसूळ होऊन तुटू शकते.

चॅनेल आणि चौकट वायर ब्रशने घासा आणि त्याच दिवशी प्राइमर मारा. मिरगाच्या आसपास हे काम काढलेत तर दुपारी घासलेले लोखंड संध्याकाळी पुन्हा तांबूस दिसते. डिसेंबर ते मार्च हा रंगाचा खरा काळ. रूळ आणि स्क्रू मात्र रंगवू नका, त्यांना तेलाचा हात पुरे.

बेड: इथे घाई नको

माझ्या पाचरीसारख्या फळ्यांचे मूळ इथे होते. बेडला पीळ असेल तर गाडा पुढे जाताना एका बाजूला झुकतो, त्याच्याबरोबर पट्टाही झुकतो, आणि मग वर कितीही बारीक जुळवाजुळव केली तरी उपयोग नाही.

आधी बूड पक्के करा. पावसाळ्यानंतरची लाल माती वरून टणक वाटते, पण ओंडक्याच्या वजनाने खचते. मी प्रत्येक पायाखाली जांभ्याचा चिरा ठेवतो आणि चिऱ्यावर जाड फळकुट. मग गवंड्याची पाण्याची नळी घेऊन चारही कोपरे एका पातळीत आणा. बेड पाच-सहा मीटर लांब असतो. तेवढ्या लांबीत गवंड्याच्या दोन फुटी लेव्हलपेक्षा पाण्याची नळी जास्त खरी.

आता पिळाची परीक्षा. मासे धरायची तंगूस घ्या आणि चार एकसारखे नट. बेडच्या चार कोपऱ्यांवर एकेक नट ठेवून त्यावरून तंगुसाचे दोन धागे कर्णरेषेत ताणून बांधा, म्हणजे मधोमध फुली पडेल. दोन्ही धागे सारखे ताणा. बेड सरळ असेल तर वरचा धागा खालच्याला जेमतेम स्पर्श करतो. त्यांच्यात फट दिसली तर पीळ आहे. दोघे चिकटलेले दिसले तरी खात्री धरू नका. खालचा धागा सोडून वरून घ्या आणि पुन्हा बघा. कदाचित आधी तो वरच्याला ढकलत असेल. आणि लक्षात ठेवा, मध्ये ३ मिमी फट म्हणजे एखादा कोपरा तब्बल ६ मिमी चुकलेला आहे, कारण मधली फट कोपऱ्यातल्या चुकीच्या निम्मीच दिसते.

माझ्या बेडवर पहिल्या दिवशी फट होती ४ मिमी. बिघाड चॅनेलमध्ये नव्हता. मधल्या एका आडव्या पट्टीचे वेल्डिंग तुटून कुणीतरी ती वाकड्यात जोडली होती. ती कापली आणि बेड मोकळा झाल्यावर कोपरे पातळीत आणले. मग पट्टी आधी फक्त टाके मारून बसवली, धागे पुन्हा बघितले, आणि शेवटी पूर्ण वेल्डिंग केले. एका दमात वेल्डिंग केले तर उष्णतेने चॅनेल पुन्हा ओढला जातो. थोडे इकडे, थोडे तिकडे, मध्ये थंड होऊ द्यायचे.

मग प्रत्येक रुळाच्या लांबीला धागा लावून बाकही बघा. एक मिमीच्या आत आणता आला तर घरगुती कामाला उत्तम.

चाके आणि बेअरिंग

दोन चाके असतात, एक इंजिनाने फिरणारे, दुसरे मोकळे. बेअरिंग हलते का हे बघण्यापेक्षा सरळ नवीनच घाला. अशा यंत्रांत बहुधा ६२ मालिकेतले असतात. ६२०६ चे भोक ३० मिमी, ६२०७ चे ३५ मिमी. नंबर बाजूच्या कड्यावर कोरलेला असतो. दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलेच घ्या, भुसा आणि पाणी दोन्हीपासून बचाव होतो. शाफ्टवर बसवताना ठोक आतल्या कड्यावरच पडली पाहिजे. बाहेरच्या कड्यावर ठोकले तर नवे बेअरिंग बसवतानाच खराब होते.

चाक बसवून हाताने हळू फिरवा आणि डायल गेज (बारीक फरक दाखवणारे काट्याचे माप) लावून बघा. माझे मोकळे चाक ०.८ मिमी उड्या मारत होते. जवळच्या एका वर्कशॉपने ते लेथवर बाहेरच्या कडेवरून धरून फिरवले आणि काम आणखी बिघडले. मग चोर्ला घाटातून बेळगावला नेले. तिथल्या मेस्ताने, म्हणजे कारागिराने, चाकाच्या भोकात नेमका बसेल असा दांडा (मँड्रेल) केला आणि त्यावर चाक फिरवले. आता उडी ०.१ मिमीच्या आत आहे. लेथवाल्याला हे आधीच सांगा: भोक हाच आधार धरा, कड नव्हे.

बऱ्याच चाकांवर टायर म्हणून बी सेक्शनचा व्ही-बेल्ट बसवलेला असतो. पट्टा त्या बेल्टवर चालला पाहिजे, लोखंडावर नाही. बेल्ट झिजून खाचेच्या कडेबरोबर आला असेल तर दोन्ही बदला, एकच बदलू नका.

दोन्ही चाके एका पातळीत आहेत का हे बघायला लांब, खात्रीची सरळ पट्टी दोन्ही चाकांच्या कडांवर ठेवा. चार ठिकाणी टेकली पाहिजे. तीन ठिकाणी टेकली तर ज्या चाकाला फट आहे त्याचा शाफ्ट जुळवणाऱ्या बोल्टांनी वळवा.

गाड्याच्या दोन्ही बाजूंच्या उचलणाऱ्या स्क्रूंना एकच साखळी फिरवते. पट्टा बेडला समांतर नसेल तर साखळी सोडून एका स्क्रूचे दातचक्र एका दाताने पुढे सरकवा. माझ्या यंत्रात स्क्रू एका फेऱ्यात ५ मिमी चढतो आणि दातचक्राला १५ दात आहेत, म्हणजे एका दाताला साधारण ०.३३ मिमी फरक. दोन्ही टोकांचे माप मोजायचे आणि तेवढेच दात सरकवायचे.

पट्टा, ताण आणि रोलर

माझ्या यंत्राला ३२ मिमी रुंद, १.१ मिमी जाड आणि २२ मिमी अंतरावर दात असलेला पट्टा लागतो. त्याचे दात आळीपाळीने डावी-उजवीकडे किंचित वळवलेले असतात, त्यालाच सेट म्हणतात. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या कापासाठी नवाच पट्टा लावा. जुन्या पट्ट्यावर फळी वाकडी आली तर दोष यंत्राचा की पट्ट्याचा, हे कळणारच नाही.

पट्टा चाकांवर चढवताना जाड हातमोजे आणि चष्मा हवाच. चाके हाताने फिरवून तो कुठे धावतो ते बघा. दातांमधल्या खाचेचा तळ चाकाच्या पुढच्या कडेबाहेर ३ मिमीच्या आसपास राहायला हवा. त्याहून आत गेला तर दातांचा सेट चाकावर दबून जातो.

ताण अंदाजाने देऊ नका. पट्टा नुसता ताठ झाला की त्यावर ५०० मिमी अंतराच्या दोन खुणा पक्क्या पकडा आणि लांब व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या सरकपट्टीने) मोजत ताण वाढवा. ५०० मिमीमागे ०.२५ मिमी वाढ म्हणजे पोलादात जवळपास १०० मेगापास्कल ताण. पट्टा बनवणाऱ्याने किती सांगितला आहे ते बघून तिथवर न्या आणि ताण-स्क्रूच्या त्या जागेला रंगाची खूण करा. दिवस संपला की ताण सोडून ठेवा.

आता ते दोन रोलर, ज्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही. ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना पट्ट्यावर बसणारे हे रोलर पट्ट्याला त्याच्या मूळ रेषेपेक्षा ६ मिमी खाली दाबतात. तो दाब नसेल तर पट्टा लाकडात लहरतो. रोलरची मागची कड पट्ट्याच्या पाठीपासून ३ मिमी दूर असावी. लाकूड कापताना पट्टा मागे सरकून तिला टेकला तर चालते, रिकामा फिरताना टेकता कामा नये.

आणि कल. तीस सेंटिमीटरची सरळ पट्टी पट्ट्याच्या सपाट भागावर क्लिपने धरा. ती दातांवर टेकू देऊ नका, दात वळलेले असतात. तिच्या पुढच्या आणि मागच्या टोकापासून बेडपर्यंतचे माप घ्या. पुढचे टोक वर असेल तर पट्टा ओंडक्यात शिरून चढत जातो, खाली असेल तर खोल जातो. दोन्ही मापे सारखी येईपर्यंत रोलरचा कल बदला. दुसऱ्या रोलरजवळही हेच करा. माझ्याकडे हा फरक २ मिमी होता. दिसायला काहीच नाही, पण तीन मीटरच्या फळीत तो पुरेपूर दिसला.

इंजिन

बेड, चाके, रोलर झाल्यावरच इंजिन चढवा. बंद पडलेल्या एक सिलिंडरच्या डिझेल इंजिनात बहुतेक वेळा दोष इंधनातच असतो. टाकी उतरवून धुवा, कारण आपल्या दमट हवेत तिच्या तळाशी पाणी साचते. फिल्टर बदला, फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंपाने बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल येऊ द्या, मग पंपाजवळची एअर काढा. ऑइल आणि एअर फिल्टर नवे. व्हॉल्व्हचे अंतर इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवा.

पुलीचे गणित मात्र स्वतः करा, कारण जुन्या यंत्रावर कुणी दुसरेच इंजिन बसवलेले असू शकते. ४८३ मिमी व्यासाचे चाक मिनिटाला १००० फेरे फिरले की पट्टा सेकंदाला सुमारे २५ मीटर धावतो. ओल्या लाकडाला हा वेग योग्य. इंजिन १५०० आरपीएमचे असेल तर इंजिनावर १५० मिमीची आणि चाकाच्या शाफ्टवर २२५ मिमीची पुली, असे प्रमाण बसते. चाकांवरची आणि बेल्टवरची सगळी झाकणे चढवल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. पट्टा तुटला तर तो झाकणात अडकला पाहिजे. पट्ट्याच्या रेषेत कुणालाही उभे राहू देऊ नका, बघायला जमलेल्या मुलांना तर मुळीच नाही.

पहिला ओंडका

सुरुवात आंब्याच्या सरळ ओंडक्याने करा. तो मऊ असतो, आणि तसाही तोडल्यावर लवकर चिरला नाही तर बुरशीने डागाळतो. माड पहिल्याच दिवशी नको. त्याचा बाहेरचा भाग इतका कठीण असतो की पट्ट्याची धार लगेच जाते.

चिरण्यापूर्वी ओंडक्यावर धातुशोधक फिरवा. घराजवळच्या झाडात कपडे वाळत घालायच्या तारेचा खिळा, जुन्या कुंपणाची काटेरी तार हमखास सापडते. कापाच्या तोंडावर निळसर-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असे समजा.

पट्ट्यावर साबणाच्या पाण्याची बारीक धार सोडा. फणसाचा चीक पट्ट्याला चिकटून थर धरतो, मग पट्टा तापतो आणि वाकडा धावतो. फणसाला धार थोडी वाढवा आणि दर दोन-तीन कापांनंतर पट्टा थांबवून बघा. काम संपल्यावर साबणाचे पाणी पुसून तेल लावायला विसरू नका, नाहीतर सकाळी पट्टा लाल झालेला असतो.

वरची साल आणि पहिला काप काढून मग २५ मिमीची एक फळी काढा. तिची जाडी व्हर्नियरने सहा ठिकाणी मोजा, दोन्ही कडांना सुरुवात, मध्य आणि शेवट. फळीवरच पेन्सिलने आकडे लिहा. एक कड सगळीकडे जाड असेल तर पट्टा बेडला समांतर नाही, साखळीचा दात सरकवा. एका टोकाकडून दुसऱ्याकडे जाडी सारखी बदलत गेली तर रोलरचा कल किंवा बेडचा पीळ तपासा. फळीवर लाटा आल्या तर ताण कमी आहे, धार गेली आहे, किंवा तुम्ही गाडा फार जोरात ढकलता आहात. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा एक फळी काढून मोजा. माझ्या चौथ्या फळीवर सहाही आकडे २५ आणि २५.५ च्या मध्ये आले. ती फळी मी विकली नाही, आकड्यांसकट शेडमध्ये टांगली आहे.

पहिल्या दहा तासांच्या कामानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा, बेल्टचा ताण बघा आणि तंगूस काढून बेडची फुली पुन्हा एकदा ताणा. चिरे थोडे बसलेले असतात. पावसाळ्याआधी पट्टा उतरवून तेलाच्या कापडात गुंडाळा, स्क्रूला ग्रीस भरा, डिझेल टाकी काठोकाठ भरून ठेवा म्हणजे आत पाणी धरायला जागा राहत नाही, आणि गाडा बेडच्या मधोमध आणून वर ताडपत्री अशी बांधा की खालून वारा खेळता राहील.